जिभेवर आलेला काटा

मंगळवार, ५ मार्च २००२

दाढ ठणकते आहे. डावीकडची, खालची. लवंग धरली, मिशरी दुप्पट लावली, काही फरक नाही. आज हिरडी दाबली तर खारट, घाण वासाचं पाणी आलं. म्हातारा म्हणतो, "शिरूरला दातवाल्याकडं जा." ह्याच्या तोंडात दोन दात उरलेत आणि हा मला दातांचं शहाणपण शिकवतो. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, पण लिहायला कुणी बंदी केलेली नाही. म्हस्कू. म्हस्कू. घ्या.

ही वही डेअरीनं दूध घालणाऱ्यांना वाटली. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या, "गिताबाई, रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेली अक्षरं उडून जातील." रोज लिहायला रोज काही घडावं लागतं. घडेल तेव्हा लिहीन.

आज वडगाव रासाईचा भिमाजी उजाडतच आला. मळणीत गव्हाचं कुसळ डोळ्यात गेलेलं. आमच्या निमोण्यात आणि आसपासच्या चार गावांत डोळ्यात काही गेलं की माणसं माझ्याच ओट्यावर येतात. पापणी उलटी करायची, जिभेचं टोक एकदाच फिरवायचं, कुसळ जिभेवर येतं. सासूनं शिकवलं. तिच्या अटी तीन. पैसा घ्यायचा नाही. कुणाला माघारी धाडायचं नाही. आणि इलाज सकाळी करायचा, चूळ भरायच्या आधी, कारण रात्रभर तोंडात मुरलेल्या थुंकीतच औषध असतं.

भिमाजी डोळा पुसत म्हणाला, "आजी, तुमच्या जिभेला धार हाय, पर डोळ्याला लागत न्हाई." मी म्हटलं, "धार दुसऱ्या कामाला राखून ठेवलीय."

गुरुवार, ७ मार्च

संध्याकाळी सुलक्षणा, म्हणजे माझी सून, मेंढरांसाठी बाभळीच्या शेंगा पाडायला गेली. आता कळप कुठला, अकरा मेंढरं उरलीत, बाकी शेतीच. आकडी वर घालून फांदी ओढली आणि तोंड वर करून बघत बसली. फांदी सुटली. काटा उजव्या डोळ्यात.

आली ती डोळा धरून. वर म्हणते कशी, "आत्या, मी शिरूरला जाते. गाडी मिळंल अजून."

मी म्हटलं, "सगळा मुलूख माझ्या ओट्यावर येतो आन् घरची सून दवाखान्यात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोकांचं कुसळ असतंय आत्या. ह्यो काटा हाय. आत रुतलाय."

"काटा काय, कुसळ काय, माझ्या जिभेला सारखंच. सकाळपर्यंत कळ काढ."

तिनं म्हाताऱ्याकडं बघितलं. तो मेंढरांकडं बघायला लागला. मल्हार, माझा लेक, रांजणगावला कंपनीत. शिफ्टवर शिफ्ट करतो, चार-चार दिवस तिकडंच खोलीवर राहतो. मग ती ओढणीनं डोळा बांधून भाकरी थापायला बसली. धूर लागतो म्हणून दोनदा उठली. तरी भाकरी गोल झाल्या. हे मात्र तिचं बरं आहे.

शुक्रवार, ८ मार्च

काढला! चूळ भरली नव्हती, पाणीसुद्धा प्याले नव्हते. ती मान मागं घेत होती, तिची पोरगी हर्षदा डोकं धरून उभी. पहिल्यांदा आला नाही. दुसऱ्यांदा जोर लावून फिरवली तर टोचलं, आणि आलं. बाभळीच्या काट्याचं टोक, तिळापेक्षा लहान. शेजारच्या रतनबाईला बोलावून तळहातावर दाखवलं. म्हटलं, "बघ, ह्याला म्हणत्यात इलाज. चष्मेवाल्या डाक्टरला चिमटा लागला असता."

सुलक्षणा डोळ्यावर पदर धरून चुलीकडं गेली. बोलायचं ना, "आत्या, बरं वाटलं"? जीभ झिजते का?

माझी दाढ आज जास्तच. गाल सुजला.

शनिवार, ९ मार्च

डोळा लाल. पापणी फुगली. मी म्हटलं काल केस धुतलेस, पाणी गेलं असेल. ती म्हणाली, "केस कवा धुतले? लाईट न्हाई, पंप बंद, पाणी कुठलं?" एरंडेलाचा बोळा ठेवला. दुपारी बोळा भिंतीवर फेकला. सासूच्या देखत. मी बोलले, तीही बोलली. असं तिला बोलताना ऐकलं नव्हतं.

पुढचं त्याहून वाईट. डोकं धरून झुलत बसली. पापणी वर करून बघितली तर काळ्या बुबुळामागं, खालच्या अंगाला, पांढरी रेघ. वाटीच्या तळाला साय बसावी तशी. हाताची बोटं दाखवली. म्हणाली, "आत्या, काय दाखवताय का?"

म्हाताऱ्याला कंपनीत फोन करायला सायकलवर धाडलं.

मंगळवार, १२ मार्च. शिवरात्र. पुणे

परवा मल्हार आला तो कुणाची जीप घेऊनच. शिरूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं आणि खुर्चीतून उठला. "इथं थांबूच नका, थेट पुण्याला न्या." मी बरोबर आले. बाईमाणूस हवं म्हणून.

इथली डॉक्टरीण पोरसवदा आहे. मोठ्या दवाखान्यात दोनशे माणसं बाकावर, पण हिनं सुलक्षणाला आधी घेतलं. ते मला आवडलं नाही. आधी घेतात म्हणजे काहीतरी वाईट असतं.

म्हणाली, "हे डोळे आलेले नाहीत. डोळ्याच्या आतमध्ये पू झालाय." सुई घालून आतलं पाणी काढलं, त्याच वाटेनं औषध सोडलं. डोळ्यात सुई! मी भिंतीकडं तोंड केलं. मेंढरं कातरली, अडलेली सोडवली, लांडग्यानं फाडलेली शिवली, पण हे नाही बघवलं.

मग तिनं सुलक्षणाला विचारलं, "काटा लागल्यावर डोळ्याला काय काय लागलं? नीट आठवून सांगा. मातीतला जंतू आत गेला तर एका दिवसात डोळा खातो. झाडावरची बुरशी गेली तर ती हळूहळू पसरते. प्रत्येकाचं औषध वेगळं असतं."

सुलक्षणा म्हणाली, "पाणी लावलं. पंपाचं."

"आणखी काही? गावठी इलाज? कुणी काही घातलं?"

"न्हाई."

पंप बंद होता! हिला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. आणि माझ्या इलाजाचं नावही नाही, एरंडेलाचंही नाही. पुण्यात पाय ठेवला की हिला गावाची लाज वाटते. काटा कुणी काढला? मी. तो आत राहिला असता तर?

उपास आहे. खाली खिचडी मिळते, साबुदाणा कच्चा.

गुरुवार, १४ मार्च

काल डॉक्टरीण म्हणाली, आतलं पाणी तपासायला लावलंय, जंतू वाढवून बघतो. मी म्हटलं, "मारायचे सोडून वाढवताय कशाला?" हसली. आज म्हणाली, "चला आजी, दाखवते."

काचेची लहान ताटली, लाल. मी म्हटलं, "हे रक्त हाय."

"हो. मेंढीचं."

"मेंढीचं? मारली का तिला?"

"नाही हो, थोडंसंच काढून घेतात. त्यात जंतू चांगले वाढतात."

जन्म मेंढरांत गेला आणि हे माहीत नव्हतं. दूध, लोकर, लेंडी, कातडं, सगळं विकलं. रक्तावर असलं विरजण लावतात हे कुणी सांगितलं नाही.

ताटलीत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती हिरवट कडं. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं ना, तो रंग. म्हणाली, "मला बुरशीची भीती होती, ती नाहीये. मातीतला पण नाही. हा तोंडातला जंतू आहे. दातांच्या फटीत, हिरडीत राहतो. तिथं गपचूप असतो. डोळ्याच्या आत गेला की मात्र असा वाढतो."

"तोंडातला डोळ्यात कसा जाईल? नाकातनं चढून?"

ती म्हणाली, "तेच मला कळत नाहीये, आजी."

शुक्रवार, १५ मार्च

आज मोठं ऑपरेशन. आतला पू कापून काढला. मल्हारनं सही केली.

त्याच्या आधी डॉक्टरीण परत सुलक्षणाच्या खाटेशी आली. "खरं सांगा. डोळ्याला कुणी तोंड लावलं होतं?"

मी बोलणार होते. बोलायला घेतलंही होतं. सुलक्षणा मध्येच म्हणाली, "मीच. बोटावर थुंकी घिऊन लावली. आमच्यात लावत्यात."

"कधी?"

"सकाळी. चूळ भरायच्या आधी."

डॉक्टरणीनं तिला तोंड उघडायला लावलं. बॅटरी मारली. सुलक्षणाचे दात पहिल्यापासून चांगले, राखुंडीनं घासते, मिशरीला शिवत नाही. डॉक्टरीण म्हणाली, "दात तर स्वच्छ आहेत तुमचे." आणि बॅटरी न विझवता माझ्याकडं बघत राहिली. मी गालाला पदर बांधून बसले होते.

"आजी, दाढ दुखते का?"

म्हटलं, "महिना होईल आता. दाढ हाय, दुखणारच."

"दाखवून घ्या. उशीर करू नका."

असली माणसं बघितली की वाटतं, एवढ्या गर्दीत म्हाताऱ्या बाईची दाढसुद्धा हिच्या ध्यानात येते. शिकावं तर असं.

सुलक्षणानं भिंतीकडं तोंड केलं होतं.

गुरुवार, २१ मार्च

आज सोडलं. डॉक्टरीण म्हणाली, डोळा काढावा लागणार नाही. उजेड कळतो, हात हलवलेला कळतो. त्यापुढं फारसं नाही.

यवतहून विहीण आली होती, सारजाबाई. दवाखान्याच्या दारातच म्हणाली, "लेक मी नेते. तुमच्याकडं दिली तवा दोन डोळ्यांची होती."

मी म्हटलं, "काटा काय मी पेरला व्हता?"

"बाभळीखाली तुमच्या मेंढरांसाठीच गेली व्हती ना?"

मल्हार मध्ये उभा, एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघतोय. सुलक्षणा जीपमध्ये बसली ती आईच्या बाजूला. मी विचारलं, "कवा येशील?" तर म्हणाली, "बघू." हर्षदा घरी वाट बघते आहे, आणि ही म्हणते बघू.

मंगळवार, २६ मार्च

शेवटी दातवाल्याकडं गेले. एक नाही, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोरगा तोंडाला फडकं बांधून आत वाकला आणि लगेच मागं सरला. "आजी, पू कधीपासून येतोय?"

"महिना झाला आसंल."

"सगळं तोंड जंतूंनी भरलंय तुमचं. दात तर दात, हिरड्या पण. घरात कुणाला उष्टं देत नाही ना? कुणाच्या जखमेला ह्या तोंडातलं काही लागलं तर पिकेल ती."

दाढ काढली. मी मागून घेतली, रुमालात बांधली.

एसटीत खिडकीशी बसले होते. रुमाल उघडून बघितली. मुळाला पू, आणि कडेला हिरवट.

परत बांधली.

बुधवार, २७ मार्च

वडगावला जाणाऱ्या दूधवाल्याकडं निरोप दिला, भिमाजीचा डोळा कसा आहे बघून ये. सांजेला उत्तर आलं. ठणठणीत आहे, म्हणतो आजीला नारळ आणतो.

त्याचं कुसळ वरवर होतं. हिचा काटा आत गेला होता, भोक पडलं होतं. त्या भोकावर मी दोनदा जीभ फिरवली. दुसऱ्यांदा जोर लावून.

ताटलीतले ठिपके मी डोळ्यांनी बघितले. तोंडातला डोळ्यात कसा जाईल, हे मीच विचारलं. नाकातनं चढून का, असंही विचारलं. आणि सुलक्षणा भिंतीकडं तोंड करून पडली होती.

शुक्रवार, २९ मार्च. धुळवड

रतनबाई भाच्याला घेऊन आली. होळीची राख डोळ्यात उडालेली. म्हणाली, "आता करा, आजून चूळ भरली नसंल तुमी."

मी म्हटलं, "शिरूरला ने."

"थट्टा करताय व्हय?"

"पाण्यानं धू आन् शिरूरला ने. मी करत न्हाई."

"आवं सासूच्या अटी इसरला? माघारी धाडायचं न्हाई म्हणत व्हता ना?"

"सासू मेली. अटी बी मेल्या."

ती ओट्यावरून उतरताना मोठ्यानं म्हणाली, गल्लीत ऐकू जावं म्हणून, "सून गेली तशी जीभ बी गेली वाटतं." एरवी तिला वेशीपर्यंत पोचवून आले असते. आज केरसुणी घेतली. ओटा झाडला.

मंगळवार, २ एप्रिल

म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच व्हतं." मी म्हटलं, "मग बोलला का न्हाई?" म्हणाला, "तुझ्याम्होरं कोण बोलतं?" आणि मेंढरं घेऊन गेला.

हे बरं आहे. सगळ्यांना वाटलेलं असतं.

शनिवार, ६ एप्रिल

यवतला गेले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून वडापच्या जीपमध्ये कोंबून. सुलक्षणाचा भाऊ हौशीराम हायवेला पंक्चरचं दुकान चालवतो, मागं घर. सुलक्षणा दारात तूर पाखडत होती. मान वाकडी करून, एका अंगानं बघत. सुपातले खडे तिच्या बोटांना सापडत होते.

सारजाबाईनं पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. "विहीणबाई, पंपाचं पाणी न्हाई, हिची थुंकी न्हाई. माझी जीभ. माझी दाढ पिकली व्हती. मी हिला शिरूरला जाऊ दिलं न्हाई."

सारजाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग सुरू झाली. ट्रकवाले टायर सोडून बघायला लागले. माझ्या सात पिढ्या काढल्या, आठवीवर आली. मी ऐकून घेतलं. त्यातलं निम्मं खरं होतं.

"आये, गप बस," सुलक्षणा सूप खाली ठेवत म्हणाली.

"गप काय बस? तुला ठावं व्हतं का हे?"

"माझ्याच डोळ्यात घातली व्हती जीभ. मला ठावं नसंल?"

मी म्हटलं, "मग डाक्टरणीला सांगितलं का न्हाईस? माझ्यासाठी खोटं बोललीस?"

तिनं चांगला डोळा माझ्यावर रोखला. "तुमच्यासाठी? आत्या, तिनं तुमाला एक शब्द इचारला असता तर तुमी तिथं तासभर भांडला असता. तुमची सासू काढली असती, चार गावं काढली असती. माझा डोळा ठणकत व्हता. मला औषध पाहिजे व्हतं, तमाशा नगं. म्हणून म्हणलं, मीच लावली. मिटलं."

एवढं बोलून परत पाखडायला लागली.

मला वाटत होतं, ती माझी अब्रू झाकत होती. येताना एसटीत तेच घोळवत आले होते, कसं बोलायचं, काय बोलायचं. अब्रूबिब्रू काही नाही. मला गप्प बसवायला तिला खोटं बोलावं लागलं. बुरशी का मातीतला हे शोधण्यात ते दिवस गेले नसते, तर डोळा जरा जास्त उरला असता का, कोण जाणे. डॉक्टरणीला विचारायचं धाडस माझ्यात नाही.

निघताना म्हटलं, "येणार का?"

"बघू," म्हणाली. पण ह्या वेळी विचारलं, "हर्षदा जेवती का?"

शनिवार, १३ एप्रिल. पाडवा

गुढी उभारली. सून नाही. पुरणपोळ्या मी केल्या, हर्षदा म्हणाली, "आई पातळ करती." मल्हार यवतला गेला, एकटाच परत आला.

तिघे येऊन गेले इलाजाला. तिघांनाही धाडून दिलं. नारळ घेऊन भिमाजी आला, त्याला खरं ते सांगितलं. तो बराच वेळ डोळा चोळत बसला.

सोमवार, ६ मे

आली. न सांगता. मल्हार म्हणतो, हर्षदानं पत्र धाडलं होतं. काय लिहिलं ते विचारलं नाही.

पहिल्यांदा चुलीपाशी गेली, माझं पीठ बघितलं, म्हणाली, "दळण जाडं आणलंय." डोळा पांढरट, लहान झाला आहे. पोरगी पहिला दिवस तिच्या डाव्या बाजूलाच बसत होती.

शुक्रवार, १० मे

सुलक्षणानं शिलाई मशीन ओसरीत ओढली. लग्नसराई आहे, पोलक्याची कापडं आलीत. बॉबिन भरली, दोरा घेतला, आणि सुईत घालायला बसली. दोरा सुईच्या शेजारून जातोय. परत. परत शेजारून. मी तांदूळ निवडायचं सोंग करत होते.

"सुई जिथं दिसती तिथं नसती, आत्या," ती म्हणाली. रडून नाही. हवा कशी आहे सांगावं तसं.

मला तर सुईचं नाकं दिसतच नाही, मोतीबिंदू व्हायला लागलाय. आजवर माझी गोधडीची सुई तीच ओवून द्यायची. तरी उठले आणि सुईमागं पांढरा कागद धरला. आणखी दोनदा चुकलं. दोऱ्याचं टोक पिंजून फुटलं.

तिनं टोक तोंडात घालायला उचललं, थांबली, आणि माझ्यापुढं धरलं. "तुमची जीभ हल्ली रिकामीच असती. एवढं ओलं करून द्या."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा होता का, ते कळलं नाही. असावा. तिनं हात मात्र मागं घेतला नाही.

दोऱ्यालाच लावायचं होतं. तरी मी आधी रांजणाशी गेले, दोनदा खळखळून चूळ भरली, आणि मग येऊन टोक ओलं करून दिलं.